मोठी सेकंडहँड बोट समुद्रापलीकडून कमी खर्चात कशी आणायची

लांबच्या देशात एखादी मोठी जुनी बोट चांगल्या भावात दिसते, फोटो बघता बघता मन तिच्यात अडकतं, टोकन जातं, आणि ती आणायची कशी हा प्रश्न त्यानंतर डोक्यात येतो. माझं अगदी मनापासून सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. पैसे द्यायच्या आधी तिचा सगळा प्रवास कागदावर मांडा, कारण मोठ्या बोटीची खरी किंमत विकणाऱ्याने सांगितलेली नसते, ती तुमच्या धक्क्याला लागून, कस्टम्समधून सुटून, इंजिन चालू होऊन उभी राहते तेव्हाची असते. लांबची स्वस्त आणि जवळची महाग अशा दोन बोटी असतील तर हा हिशोब केल्यावर बरेचदा जवळचीच परवडते, आणि तसं निघालं तर सरळ जवळची घ्या.

हे सगळं मी साधारण १० ते १८ मीटरच्या बोटी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, शिडाच्या असोत की मोटरच्या. एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील: या कामात पैसे वाचवायच्या चांगल्या जागा दोन, बोटीचं माप आणि निघायची तारीख. वाचवू नयेत अशा जागाही दोन, क्रेडल (जहाजावर बोट बसवायचा आधाराचा सांगाडा) आणि विमा. लोक नेमकं उलटं करतात, मापात ढिलाई, तारखेची घाई, आणि मग बजेट संपलं म्हणून क्रेडल स्वस्तातलं.

रस्ते कोणते आहेत

मुळात दोनच. बोट स्वतः पाणी कापत येते नाहीतर दुसऱ्या जहाजावर बसून येते. तिसरा रस्ता म्हणजे टगने ओढत आणणे, तो समुद्र ओलांडायला विसरून जा, टगचं डिझेल, टगचे खलाशी, वाढलेला विमा आणि ओढताना बोटीवर येणारा ताण हे सगळं धरलं तर ना स्वस्त ना सुरक्षित.

कंटेनरचाही विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो पण मोठ्या बोटीला तो लागू पडत नाही. ४० फुटी हाय क्यूब कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर आणि दाराची उंची २.५८ मीटरच्या आसपास असते, १२ मीटरची बोट साधारण ४ मीटर रुंद असते, म्हणजे विषय संपला. हल (बोटीचं पाण्यात तरंगणारं धड) सुटे होणारे काही ट्रायमरान (तीन हलच्या बोटी) आणि छोटे कॅटमरान (दोन हलच्या) त्यात बसतात तेवढाच अपवाद. फ्लॅट रॅकवर, म्हणजे बाजू आणि छत नसलेल्या कंटेनरवर, रुंद बोट ठेवता येते, पण ती दोन्ही बाजूंना बाहेर येते आणि शेजारच्या ज्या जागा त्यामुळे वाया जातात त्यांचंही भाडं तुमच्याकडूनच घेतलं जातं, त्यामुळे कोटेशनमध्ये तो आकडा धरलाय का ते विचारा.

जहाजावर बसून यायचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला रो-रो, गाड्या वाहून नेणारी जहाजं असतात ना तीच, बोट ट्रेलरवर किंवा बंदराच्या चाकांच्या प्लॅटफॉर्मवर ठेवून रॅम्पने आत ओढतात. बोट जहाजाच्या पोटात राहते, वारा पाऊस खारं पाणी काही लागत नाही, आणि ट्रेलरवर मावणाऱ्या मोटरबोटीसाठी हा बरेचदा सगळ्यात स्वस्त प्रकार. पण रॅम्प आणि डेकच्या उंचीची मर्यादा असते आणि खोल कील (तळाखालचं जड पातं) असलेल्या शिडाच्या बोटीचं तिथे सहसा जमत नाही.

दुसरा लिफ्ट-ऑन लिफ्ट-ऑफ. बोट जहाजाशेजारी पाण्यात येऊन उभी राहते, क्रेनचे पट्टे खालून घालतात, उचलून डेकवर क्रेडलमध्ये बसवतात आणि बांधतात. मोठ्या बोटींचं बहुतेक काम असंच होतं आणि बजेटवाल्याने आधी याचंच कोटेशन काढावं.

तिसरा फ्लोट-ऑन, यात जहाज स्वतःचा डेक पाण्याखाली नेतं, बोटी तरंगत आत येतात, पाणबुडे खालून आधार लावतात आणि मग पाणी उपसून डेक वर येतो. क्रेन नाही, मास्ट (शिडाची डोलकाठी) उतरवायची गरज नाही, फार सुंदर पद्धत आहे पण भाव जास्त आणि ठराविक मार्गांवरच मिळते. खूप मोठा कॅटमरान किंवा उंच मास्टची मोठी बोट असेल तर मास्ट उतरवायचा आणि चढवायचा खर्च वाचतो, तो वजा करून मगच तुलना करा, कधीकधी फरक वाटतो तेवढा राहत नाही.

घनमीटर कमी करा

जहाजवाले भाडं बहुतेक वेळा घनमीटरवर काढतात: सगळ्यात लांब टोक ते टोक गुणिले सगळ्यात रुंद जागा गुणिले कीलच्या तळापासून वरच्या टोकापर्यंतची उंची. म्हणजे एक मोठा चौकोनी खोका, त्यात हवाच जास्त, पण भाडं पूर्ण खोक्याचं. ब्रोशरमधली लांबी फक्त हलची असते, त्यात पुढे आलेला नांगर, मागचा स्विम प्लॅटफॉर्म, डिंगी म्हणजे छोटी होडी टांगायचे डेव्हिट, हे धरलेलं नसतं आणि जहाजवाला मात्र टेप लावून मोजतो.

एक उदाहरण करून बघू. बोट नांगर आणि डेव्हिट धरून १२.८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, रडारची कमान (आर्च) धरून उंची ५.५ मीटर, गुणाकार येतो २८१.६ घनमीटर. आता नांगर आत घेतला, डेव्हिट सोडवले, लांबी १२ झाली, आर्च आणि अँटेना खाली काढले, उंची ४.५ झाली, गुणाकार २१६. जवळपास पावभाग भाडं कमी झालं आणि काम काय तर पाना घेऊन एक-दोन दिवस बोल्ट सोडवायचे, वायरींना लेबल लावायचं, फोटो काढून ठेवायचे. एवढी सोपी बचत या सगळ्या प्रकरणात दुसरी कुठेच नाही, त्यामुळे कोटेशन मागायच्या आधी स्वतः किंवा सर्व्हेयरकडून (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून) प्रत्यक्ष माप घ्या आणि 'काय काय काढलं तर किती' असे दोन आकडे तयार ठेवा. खोटं माप मात्र देऊ नका, लोडिंगच्या दिवशी बोटीचं माप जास्त भरलं तर फरक तर भरावा लागतोच पण जागा नसेल तर बोट धक्क्यावरच राहते.

मास्ट उतरवून डेकवर आडवा ठेवणार असाल तर तो बोटीपेक्षा लांब असतो हे विसरायचं नाही, पुढेमागे बाहेर आला की लांबी वाढली आणि भाडं वाढलं. बऱ्याचदा जहाजवाले मास्ट वेगळा, बोटीच्या बाजूला डेकवर ठेवतात, त्याचे दर वेगळे, आधी विचारा. मास्ट उभा ठेवूनही लिफ्ट करता येते पण मागचा स्टे (मास्टला मागून ताणून धरणारी तार) सोडावा लागतो आणि क्रेनची पोच पाहावी लागते.

वजनाचंही तसंच आहे. ब्रोशरमधलं वजन कोऱ्या रिकाम्या बोटीचं, वीस वर्षं वापरलेल्या बोटीत बॅटऱ्या, साखळी, जनरेटर, सामान असं टनावारी वाढलेलं असतं. ट्रॅव्हल लिफ्टवर, म्हणजे बोटी उचलणाऱ्या चाकांच्या क्रेनवर, उचलून वजन घ्या, सर्व्हेसाठी बोट वर काढणारच आहात तेव्हाच ते होतं. पाण्याच्या टाक्या रिकाम्या, डिझेल पाव टाकीच्या आसपास.

तारीख आणि बंदर

बोटी नेणाऱ्या जहाजांना हंगाम असतो. अटलांटिकमध्ये उन्हाळा संपला की बोटी भूमध्य समुद्राकडून कॅरिबियनकडे जातात आणि वसंतात परत येतात, कारण अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरला जातो आणि विमा कंपन्या त्या काळात बोट कॅरिबियनमध्ये नको म्हणतात. मग गर्दीच्या दिशेला भाव चढे आणि उलट दिशेला जहाजात जागा रिकामी. तुम्हाला उलट दिशेने आणायची असेल आणि एक-दोन महिने इकडे-तिकडे चालणार असेल तर हे स्पष्ट शब्दांत लिहून कळवा, 'आम्ही थांबू शकतो, तुमच्या जहाजात शेवटी जागा उरली तर सांगा'. तारखेची लवचिकता ही विकत घ्यावी लागत नाही आणि तरी तिचा भाव मिळतो.

फक्त एक धरून चाला की जहाजाची तारीख म्हणजे अंदाज असतो. आधीच्या बंदरात उशीर झाला, हवामान बिघडलं, की आठवडा दोन आठवडे सहज सरकते, त्या काळातलं मरीनाचं (बोटी उभ्या करायच्या धक्क्याचं) भाडं आणि बोट सांभाळणाऱ्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

बंदराचं असं आहे की जहाज तुमच्या एका बोटीसाठी वाट वाकडी करत नाही, केली तर त्याचे पैसे लावतं. पोर्ट एव्हरग्लेड्स (अमेरिकेतलं फ्लोरिडा), पाल्मा (स्पेनचं मायोर्का बेट), साउथहॅम्प्टन (इंग्लंड) अशा ठिकाणांहून बोटी नेहमी जातात-येतात, तिथे एकाच खेपेत अनेक बोटी भरतात म्हणून प्रत्येकाला स्वस्त पडतं. त्यामुळे बोट दीडशे-दोनशे मैलांवर असेल तर किनाऱ्याकिनाऱ्याने अशा बंदरापर्यंत चालवत नेणं परवडतं, उतरवल्यावरही तसंच, बोट थेट पाण्यात उतरवा आणि चालवत घरी न्या. रस्त्याने न्यायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, बहुतेक देशांत साध्या वाहतुकीची रुंदी अडीच ते २.६ मीटरपर्यंतच चालते, पुढे परवाने, एस्कॉर्ट गाडी, रात्रीची बंदी, आणि चाळीस किलोमीटरच्या रस्त्यासाठी समुद्राच्या भाड्याला टक्कर देणारा आकडा येतो.

कोटेशन तीन-चार ठिकाणांहून घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्नपत्रिका द्या: क्रेनचे पैसे आत आहेत का, क्रेडल कोणाचं, बांधणी कोणाची, पाणबुडा, दोन्ही बंदरांचे चार्जेस, इंधनाचा सरचार्ज, उशीर झाला तर काय. सगळ्यात कमी आकड्याच्या कोटेशनमध्ये यातलं निम्मं बाहेर असतं. बोलणारा माणूस जहाजवाला आहे की मधला एजंट हे विचारा, एजंट असणं वाईट नाही, पण जहाजाचं नाव आणि सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) मागा आणि एआयएसवर (जहाजांचं ठिकाण दाखवणाऱ्या यंत्रणेवर) ते जहाज खरंच आहे का, त्या मार्गावर फिरतंय का ते बघा. पैसे पाठवायच्या आधी बँक खातं फोनवर बोलून पक्कं करा, मेलमध्ये 'आमचं खातं बदललंय' असं आलं तर नक्कीच.

क्रेडलवर काटकसर नको

मे २०१९ मध्ये माय सॉंग नावाची जवळपास ४० मीटरची शिडाची यॉट भूमध्य समुद्रात कार्गो जहाजाच्या डेकवरून पाण्यात पडली. वाहतूक करणाऱ्यांचा प्राथमिक निष्कर्ष असा होता की क्रेडल कोसळलं. ती नवी, महागडी, नावाजलेली बोट होती. म्हणून सांगतो, क्रेडल जुळणीचा तपशील बघायलाच हवा, ते तुमच्या बोटीच्या वजनाला आणि तळाच्या आकाराला बनवलेलं आहे का, कोणत्या समुद्रस्थितीसाठी त्याचं गणित केलंय, कागदावर कोणाची सही आहे. बोटीचं वजन कीलवर बसायला हवं आणि बाजूचे पॅड फक्त तोल सांभाळायला, आणि ते पॅड आतल्या बल्कहेडच्या (आडव्या भिंतीच्या) रेषेत यायला हवेत, मधल्या मऊ भागात आले तर हल आत दबतो. पट्टे कुठे घालायचे त्या जागा हलवर टेपने खुणा करून ठेवा, पंख्याचा शाफ्ट, सुकाणू, लॉगचा म्हणजे वेगमापकाचा सेन्सर यांच्यावर पट्टा आला की मोडलंच.

लाकडी क्रेडल असेल तर लाकडावर आयएसपीएम १५ चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा, म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलंय किंवा धुरी दिलीय याची खूण. शिक्का नसेल तर उतरवायच्या बंदरात कीड-तपासणीवाले अडवतात आणि त्याचा खर्च आणि उशीर दोन्ही तुमच्या गळ्यात. स्टीलचं क्रेडल वापरलेलं भाड्याने मिळालं तर चांगलं, प्रवास संपल्यावर त्याचं करायचं काय हाही प्रश्न राहत नाही.

विमा

बोटीचा नेहमीचा विमा जहाजावरच्या प्रवासाला लागू असतोच असं नाही, बहुतेक नसतो, वेगळा ट्रान्झिट विमा घ्यावा लागतो, तोही उचलल्यापासून उतरवेपर्यंत. 'जहाजवाल्याचा विमा असतोच की' हे ऐकायला बरं वाटतं पण त्याची जबाबदारी फार मर्यादित असते. हेग-व्हिस्बी या जहाजी मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत भरपाईची कमाल मर्यादा दर पॅकेजला ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) किंवा किलोला २ एसडीआर, यातली जी जास्त ती, एवढीच आहे आणि डेकवर ठेवलेला माल तसा कागदावर लिहिलेला असेल तर त्या नियमांतूनच बाहेर पडतो. रो-रो सोडलं तर तुमची बोट बहुतेक डेकवरच असणार आहे.

आणि एक गोष्ट जी ऐकून धक्का बसतो, जनरल ॲव्हरेज. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला मुद्दाम काही खर्च किंवा नुकसान केलं गेलं, तर तो भार जहाज आणि त्यावरचा सगळा माल यांच्यात किमतीच्या प्रमाणात वाटला जातो, यॉर्क-अँटवर्प नियमांनुसार. तुमच्या बोटीला ओरखडाही आला नसला तरी वाटा भरायचा. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा जनरल ॲव्हरेज जाहीर झालं आणि मालवाल्यांना हमी दिल्याशिवाय माल सुटत नव्हता. ट्रान्झिट विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते, नसेल तर रोख तुम्ही. मला विचाराल तर एवढ्या एका कारणासाठीसुद्धा विमा घ्यावा.

स्वतः चालवत आणायची असेल तर

शिडाची, धडधाकट, मोठी बोट असेल आणि वाऱ्याचा मार्ग अनुकूल असेल तर हा रस्ता स्वस्त पडू शकतो. पडू शकतो म्हणतोय कारण लोक फक्त डिझेल मोजतात. दिवस मोजा. सरासरी ५ नॉट, म्हणजे ताशी ५ सागरी मैल, धरली तर दिवसाला १२० सागरी मैल, कॅनरी बेटं ते कॅरिबियन साधारण २,७०० मैल, म्हणजे बावीस-तेवीस दिवस, वर हवामानासाठी थांबणं आणि निघायच्या आधीची दुरुस्ती. डिलिव्हरी स्किपर, म्हणजे बोट पोचवणारा कप्तान, दिवसावर किंवा मैलावर पैसे घेतो, त्याच्यासोबत बहुतेक आणखी दोघं हवेत, त्यांचं जेवण, येण्याजाण्याची तिकिटं तुमच्याकडे. विमा कंपनी स्किपरचा अनुभव लेखी मागते आणि आवडला नाही तर नाही म्हणते, त्यामुळे माणूस पक्का करायच्या आधी विम्याला नाव कळवा. अनुभवासाठी येणारे हौशी खलाशी खर्च वाटून घेतात ही चांगली बचत आहे, पण निदान दोघं जण रात्री एकट्याने बोट सांभाळू शकतील असे हवेत.

तशीच निघायची मात्र नाही. मे २०१४ मध्ये चीकी रफीकी ही ४० फुटी शिडाची बोट कॅरिबियनमधल्या अँटिग्वाहून साउथहॅम्प्टनला परत नेताना अटलांटिकच्या मधोमध तिची कील तुटली आणि चारही जण गेले. ब्रिटिश तपासात असं पुढे आलं की आधी बोट तळाला घासली होती आणि केलेल्या दुरुस्त्यांमुळे हलच्या आतला कील धरणारा सांगाडा कमजोर झाला असण्याची शक्यता आहे. सेकंडहँड बोटीचा मागचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो, म्हणून बोट पाण्याबाहेर काढूनच सर्व्हे करा, कीलचे बोल्ट आणि त्यांच्याभोवतीचे तडे, सुकाणूच्या बेअरिंगची ढिलाई, रिगिंगच्या, म्हणजे मास्ट धरणाऱ्या, तारांचं वय, हलमधून जाणारे सगळे व्हॉल्व्ह, सेलड्राइव्ह (इंजिनातून तळातून खाली जाणारा पंख्याचा पाय) असेल तर त्याचं रबरी डायफ्रॅम कधी बदललं. रिगिंग दहा-पंधरा वर्षं जुनं असेल तर विमावाले बदलायलाच सांगतात, तो खर्च बोटीच्या किमतीतून कमी करून मागा, सर्व्हे रिपोर्ट हातात असताना विकणारा ऐकतो.

जुन्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडायचं एक नेहमीचं कारण म्हणजे टाकीतला गाळ. वर्षभर धक्क्याला उभ्या बोटीत डिझेलच्या तळाशी चिखलासारखा थर साचतो, शांत पाण्यात काही होत नाही, पहिल्या मोठ्या लाटांत तो ढवळला की फिल्टर चोंदतो. टाकी उघडून साफ करा, होत नसेल तर डिझेल गाळून घ्या आणि फिल्टर डझनाने ठेवा. त्याबरोबर इम्पेलर (इंजिनच्या पाण्याच्या पंपातली रबरी चक्री), बेल्ट, सुकाणूचा आपत्कालीन टिलर (हाताने फिरवायचा दांडा), प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी दोरीने बांधलेला लाकडी बूच, तार कापायची मोठी कात्री. लाइफराफ्टची सर्व्हिस तारीख बघा आणि एपर्ब (संकटाचा सिग्नल पाठवणारं यंत्र) नव्या मालकाच्या नावावर नोंदवून घ्या, नाहीतर संकटात शोधपथक जुन्या मालकाला फोन करत बसेल. मग किनाऱ्याजवळ दोन-तीन रात्रींचा सलग प्रवास करा, जे मोडायचं ते तिथे मोडू दे.

मोटरबोटीचं गणित वेगळं आणि कठोर आहे. समजा १,००० लिटरची टाकी, ६.५ नॉटला तासाला ८ लिटर, टाकीतलं ८० टक्केच वापरायचं धरलं तर १०० तास, ६५० मैल. अटलांटिकमधल्या बर्म्युडा ते अझोरेस या बेटांमधलं अंतर साधारण १,८०० मैल आहे. म्हणजे वेगात पळणारी प्लेनिंग बोट महासागर ओलांडत नाही, ती जहाजावरच यायची, डेकवर पिंपं बांधून हे गणित जुळवायला जाऊ नका.

मार्गही बघायचा. अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे जोरात असतात तेव्हा तो टाळतात. लाल समुद्रात नोव्हेंबर २०२३ पासून व्यापारी जहाजांवर हल्ले झाले, त्यामुळे तिथून जायचा विचार असेल तर विम्यातलं युद्धजोखमीचं कलम आधी वाचा. पोर्तुगाल आणि जिब्राल्टरच्या आसपास २०२० पासून ऑर्का (डॉल्फिनच्या कुळातले मोठे सागरी सस्तन प्राणी) शिडाच्या बोटींच्या सुकाणूंवर धडका मारतायत, काही बोटी बुडाल्याही, तिथले ताजे इशारे बघूनच रस्ता ठरवा.

कागद

बिल ऑफ सेल (विक्रीचा करार), आधीच्या नोंदणीतून नाव काढल्याचा दाखला, बोटीवर कर्ज किंवा कोणाची थकबाकी नाही याचा पुरावा, हलवरचा ओळख क्रमांक आणि कागदावरचा एकच असल्याची खात्री. बोटीवर थकलेलं यार्डचं (दुरुस्तीच्या जागेचं) बिल बऱ्याच देशांत बोटीबरोबर येतं, मालक बदलला म्हणून ते सुटतंच असं नाही, म्हणून ती जिथे उभी होती त्या यार्ड आणि मरीनाकडून काही देणं नाही असं लिहून घ्या.

ज्या देशात आणायचीय तिथले नियम बोट निवडायच्या आधी बघा कारण काही ठिकाणी ते बोटीच्या किमतीएवढे अंगावर येतात. युरोपियन युनियनमध्ये १६ जून १९९८ नंतर पहिल्यांदा येणाऱ्या बोटीला सीई मार्किंग, म्हणजे युरोपच्या सुरक्षा नियमांत बसते याची खूण, लागतं, बाहेरून आणलेल्या जुन्या बोटीलासुद्धा, आणि नसेल तर तिचं वेगळं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉस असलेली कुठलीही वस्तू आणायला बंदी आहे, जुन्या बोटीच्या एक्झॉस्टच्या गुंडाळ्यांत आणि गॅस्केटमध्ये ते निघतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोन्हीकडे तळाला चिकटलेल्या शेवाळ-कालवांबद्दल फार कडक तपासणी असते, तळ साफ केल्याची पावती आणि फोटो जपून ठेवा. बऱ्याच देशांत ड्युटी बोटीची किंमत अधिक भाडं अधिक विमा या बेरजेवर लागते, म्हणजे वाहतूक महाग झाली की करही वाढतो. तिथल्या कस्टम्स ब्रोकरला तासाभराची फी देऊन हे सगळं विचारून घ्या, या फीएवढा वसूल होणारा पैसा दुसरा नाही.

चढवताना आणि उतरवताना

गॅस सिलिंडर काढा, आपत्कालीन फ्लेअर्सबद्दल (पेटवून इशारा द्यायच्या नळ्यांबद्दल) जहाजवाल्याला आधी सांगा, दोन्ही धोकादायक मालात मोडतात. शिडं, स्प्रेहूड आणि बिमिनी ही कापडी छतं, सगळं खाली उतरवून आत बांधा. इलेक्ट्रॉनिक्स सुटत असेल तर काढून कुलपात. घरगुती सामान बोटीत भरून पाठवायचा मोह होतो, करू नका, कस्टम्स वेगळं मोजतं आणि विमा धरत नाही. बॅटऱ्या बंद पण तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपचा ऑटो स्विच चालू ठेवा, डेकवर पावसाचं आणि लाटांचं पाणी साचतं, कॉकपिटच्या मोऱ्या साफ असू द्या. थंडीच्या प्रदेशातून जाणार असेल तर इंजिन आणि पाण्याच्या नळ्या रिकाम्या करा. प्लॅस्टिकचं श्रिंक रॅप नीट ताणून बसवलं तर धूर आणि मिठापासून चांगलं रक्षण होतं, सैल राहिलं तर महिनाभर वाऱ्यात फडफडून रंग घासून काढतं, म्हणून अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं.

चढवायच्या आधी बाहेरून, आतून, तळाचा, प्रत्येक जुन्या ओरखड्याचा फोटो आणि सलग व्हिडिओ काढा. उतरवायच्या वेळी स्वतः हजर राहा किंवा सर्व्हेयर ठेवा. पट्ट्यात असतानाच तळ बघून घ्या, पाण्यात टेकली की पट्टे सोडायच्या आधी आत जाऊन सगळे व्हॉल्व्ह आणि शाफ्टचं सील बघा, थेंब नाही याची खात्री झाली की मगच क्रेनला हात दाखवा, आणि इंजिन तिथेच सुरू करून इंजिन थंड करणारं पाणी बाहेर येतंय का बघा. काही नवं नुकसान दिसलं तर पावतीवर सही करायच्या आधी तिथेच लिहा, 'तपासून नंतर कळवू' असं तोंडी बोलून निघू नका. लगेच न दिसणाऱ्या नुकसानाची लेखी सूचना हेग-व्हिस्बी नियमांत ३ दिवसांत द्यायची असते आणि दावा १ वर्षाच्या आत लावायचा असतो. तुमच्या करारात आणि विम्यात यापेक्षा कमी मुदत लिहिलेली असू शकते, ती बोट निघण्याआधीच शोधून कॅलेंडरवर टाका.